पुढच्या भागात नागपूर टाका

‘सिटीज : स्कायलाइन्स’ या शहर बांधण्याच्या खेळाचा दुसरा भाग २०२३च्या ऑक्टोबरात आला आणि जगभरच्या हौशी महापौरांनी पहिल्याच आठवड्यात बोंब ठोकली की कॉम्प्युटर धापा टाकतोय, चित्र अडखळतंय. कारण शोधता शोधता लोक थेट माणसांच्या तोंडात पोचले. खेळातल्या नागरिकांना दात होते. तोंड मिटलेलं, माणूस मुंगीएवढा, वरून दिसतंय फक्त डोकं, तरी आत दात तयार. फिनलंडच्या ताम्पेरे गावातल्या कोलॉसल ऑर्डर या कंपनीने काम दातांपर्यंत नेलं आणि सायकल विसरली. अख्ख्या शहरात एक सायकल नव्हती. दात आहेत तर चणे नाहीत म्हणतात, ते हेच.

दुसरी तक्रार आणखी मजेची. शहर कितीही तोट्यात गेलं तरी बुडतच नव्हतं, कारण वरून सरकारी अनुदान गुपचूप तिजोरीत पडत होतं. खेळणाऱ्यांना राग आला. मग यात आव्हान काय राहिलं, म्हणाले. जून २०२४च्या सुधारणेत कंपनीने अनुदान बंद केलं. घरभाडं परवडत नाही म्हणून नागरिक सारखे रडत होते, तर त्याच सुधारणेत घरमालक नावाचा प्राणीच खेळातून काढून टाकला. आमच्या नगरपरिषदांची जकात १९९९ला गेली, तेव्हापासून गावं त्याच गुपचूप अनुदानावर उभी आहेत. आव्हान राहिलं नाही म्हणून कोणी मोर्चा काढल्याचं ऐकिवात नाही.

तर सध्या जगभर या खेळात काय सुधारणा हव्यात याच्या याद्या निघताहेत. कोणाला चौकातली वाहतूक शहाणी हवी, कोणाला बर्फ कमी हवा, कोणाला युरोपातली जुनी घरं हवीत. भंडाऱ्याच्या तकिया वॉर्डातला माझा भाचाही यादी घेऊन बसलाय. त्याच्या शहराचं नाव ‘न्यू भंडारा’. या न्यू भंडाऱ्यात रेल्वे स्टेशन गावात आहे. खऱ्या भंडाऱ्याचं वरठीला आहे, हे त्याने बांधताना लक्षात घेतलेलं नाही. मी विचारलं, तर म्हणाला, “मामाजी, स्टेशन गावाच्या बाहेर ठेवलं का लोकं चढतच नाही ना गाडीत. गेम तोटा दाखवते.” गेमला कळतं.

पण माझी मागणी वेगळी आहे, आणि ती कोणाच्याच यादीत नाही. पुढच्या भागात नागपूर टाका.

का ते सांगतो. या खेळाचा पहिला धडा पाण्याचा असतो. पिण्याच्या पाण्याचा पंप नदीच्या वरच्या अंगाला बसवायचा आणि सांडपाण्याचा पाइप खालच्या अंगाला सोडायचा. उलट केलंत तर घरांवर आजारपणाची खूण झळकायला लागते, रुग्णवाहिका धावतात, आणि थोड्या वेळाने शववाहिका. घागर घाटाच्या वरच्या बाजूला भरायची आणि धुणं खालच्या बाजूला, हे ज्यांच्या आजीने शिकवलंय त्यांना यात नवीन काही नाही.

या परीक्षेत भंडारा शहर पैकीच्या पैकी गुण घेऊन पास आहे. वैनगंगा उत्तरेकडून येते, गावाला लागून दक्षिणेला जाते. नागपूरचं सांडपाणी नाग नदीत, नाग कन्हानमध्ये, आणि कन्हान वैनगंगेला मिळते ती आंभोऱ्याकडे, म्हणजे भंडाऱ्याच्या पुष्कळ खाली. खेळाच्या नियमाप्रमाणे नागपूरची घाण आमच्या नळापर्यंत यायचं काही कारण नाही. ती पवनीला जावी. (पवनीकरांनी माफ करावं. नियम फिनलंडचा आहे.)

पण २२ एप्रिल १९८८ला पवनी तालुक्यात गोसेखुर्दला राजीव गांधींच्या हस्ते धरणाची कोनशिला बसली. अंदाज होता ३७२ कोटींचा. पुढे सुधारित मान्यता १८,४९४ कोटींवर गेली, आणि तिथेही थांबली नाही. या आकड्यांवर विदर्भात एवढं लिहून झालंय की मी नवीन काय लिहू? पाण्याचंच बोलू. धरणाला ३३ दरवाजे, ते लागले की नदी थांबते. थांबलेली नदी पसरते, फुगते आणि मागे सरकते. गोसेचं बॅकवॉटर कारध्याच्या पुलापर्यंत, भंडाऱ्याच्या दारात येऊन उभं राहतं. वाटेत आंभोऱ्याला जे काही मिसळलेलं असतं ते सोबत घेऊन. म्हणजे आम्ही पंप बरोबर जागी ठेवला आणि नदीच आमच्या खालून वर आली. गावात पाण्याच्या कॅनचा धंदा का जोरात आहे, हे समजायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. सकाळी छोटा हत्ती गल्लीत शिरतो, निळ्या झाकणाच्या कॅन दारोदार उतरतात, आणि वैनगंगेच्या काठचा माणूस वीस लिटर पाणी खांद्यावर मारून जिना चढतो.

भाच्याला वाटलं, मी खेळाला नावं ठेवतोय. “असं होतेच ना गेममध्ये,” म्हणाला, आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवला. पहिल्या भागात त्याने वीज हवी म्हणून गावाच्या खाली नदीवर धरण बांधलं होतं. ते त्याने मला पुन्हा बांधून दाखवलं. धरण उभं राहिलं. काही वेळ काहीच झालं नाही. मग नदीकाठचा रस्ता ओला झाला, मग दिसेनासा झाला. घरांची पहिली ओळ बुडाली. खालच्या अंगाला सोडलेल्या सांडपाण्याचा तपकिरी पट्टा पुढे जायचा थांबला, जरा रुंद झाला आणि सावकाश, शहाण्यासारखा, वर पंपाकडे निघाला. निळं पाणी तपकिरी झालं. घरांवर एकेक करत आजारपणाच्या खुणा पेटल्या. “आता पाहा,” भाचा म्हणाला, आणि त्याने आधी सेव्ह केलेला खेळ उघडला. गाव कोरडं, पाणी निळं, धरण गायब.

मी चाटच पडलो. पहिला भाग २०१५चा. तेरा माणसांच्या चमूने, जिथे निम्मं वर्ष बर्फ असतं अशा देशात बसून, बॅकवॉटरचं गणित बरोबर सोडवलेलं. याच खेळात काही महाभागांनी सांडपाण्याचं तळं करून त्यावर धरण बांधलं आणि वीजसुद्धा काढली. ही कल्पना आमच्याकडे कोणाच्या कानावर घालू नका, लगेच भूमिपूजन होईल.

तेव्हा खेळ कच्चा नाही. त्याची खोट वेगळीच आहे. घाण भाच्याची, धरण भाच्याचं, आणि आजारी पडली तीही भाच्याचीच माणसं. ज्याने केलं त्यानेच भोगलं. असं कुठे असतं?

खऱ्या जगात करणारा नागपूरला असतो आणि भोगणारा भंडाऱ्याला. या खेळात नदी नकाशाच्या एका कडेवरून येते ती स्वच्छ येते, आणि दुसऱ्या कडेवरून जाते ती कुठे जाते हे कोणी विचारत नाही. कडेवर पोचली की घाण संपली. महापौर खूश, नागरिक खूश, आलेखाची रेघ हिरवी. त्या कडेच्या पलीकडे जे गाव असतं ना, ते भंडारा.

शेजाऱ्याचा प्रयोग झालाच नाही असं नाही. २००३च्या ‘सिमसिटी ४’मध्ये शेजारच्या गावाशी पाण्याचा, विजेचा, कचऱ्याचा सौदा करता यायचा. म्हणजे आपला कचरा पैसे देऊन दुसऱ्याच्या गळ्यात. २०१३च्या ‘सिमसिटी’त तर शेजारी चक्क दुसरा खेळाडू असायचा आणि त्याच्या कारखान्याचा धूर तुमच्या गावावर यायचा. पण ती सिमसिटी इंटरनेटशिवाय सुरूच होत नव्हती. पहिल्याच दिवसांत सर्व्हर कोसळले, लोकांनी कंपनीचा उद्धार केला. दोन वर्षांनी स्कायलाइन्स आला. इंटरनेट नको, शेजारी नको, जेवढी जमीन तेवढी तुमची. लोकांनी तो डोक्यावर घेतला. शेजाऱ्याशिवाय शहर चालवायला मिळणं, याहून मोठं सुख कोणत्या महापौराला हवं असेल?

बरं, आम्हाला शेजारी एकच नाही. २०२०च्या ऑगस्टअखेरीस मध्यप्रदेशातल्या संजय सरोवरातून पाणी सुटलं आणि भंडारा शहर पाण्यात गेलं. वरून मध्यप्रदेश, खालून गोसे, बाजूने नागपूर. खेळात पूर येतो तेव्हा भोंगा वाजतो, माणसं शिस्तीत निवाऱ्यात जातात. पुढच्या भागात ‘आंतरराज्य समन्वय बैठक’ नावाची एक इमारत द्यावी, अशी माझी सूचना आहे. खर्च चहा-बिस्किटांचा. परिणाम पूर ओसरल्यावर दिसू लागावा.

आंभोऱ्याला मात्र फिनलंडलाही हेवा वाटावा असं काम झालंय. वैनगंगेवर केबलचा देखणा पूल आहे आणि वर काचेची गॅलरी. खेळात ठरावीक लोकसंख्या झाली की एखादी खास इमारत बक्षीस मिळते, तसंच. गॅलरीतून पाच नद्यांचा संगम दिसतो: वैनगंगा, कन्हान, आम, मुर्झा, कोलारी. पाचांत नागचं नाव नाही, पण ती हजर असते. खाली चैतन्येश्वराचं देऊळ. मुकुंदराजांनी ‘विवेकसिंधु’ इथेच लिहिला असं आम्ही सांगतो. अंबाजोगाईचे लोक हे ऐकून घेत नाहीत, पण त्यांच्या गावाला पाच नद्या कुठे आहेत? मुकुंदराज आज आले असते तर संगमावर बसून सिंधूचं लिहिलं असतं की विवेकाचं, हा प्रश्न आहेच. नाग स्वच्छ करायच्या १,९२७ कोटींच्या प्रकल्पाला २०२२ला मंजुरी मिळाली. खेळात सांडपाणी शुद्धीकरण केंद्र एका क्लिकवर उभं राहतं, आणि मंजुरीचा फलक लावायची सोय तर नाहीच. मग माणसाने केंद्र बांधायचं तरी कशासाठी?

मला खेळातली आणखी एक गोष्ट खुपते, ती बुलडोझर. पिवळं बटण दाबलं, घरावरून बाण फिरवला, धुराचा भपकारा, घर नाही. त्यात राहणारं कुटुंब दोन मिनिटांत दुसऱ्या गल्लीत हसत राहायला जातं. मोबदला नाही, सातबारा नाही, वाढीव कुटुंब नाही, धरणे नाहीत. गोसेच्या प्रकल्पग्रस्तांसाठी सुमारे १,२०० कोटींचं विशेष पॅकेज निघालं २०१३ला, म्हणजे कोनशिलेनंतर पाव शतकाने, आणि त्यानंतरही पाण्यात उभं राहून आंदोलनं झाली. तेव्हा पुढच्या भागात घर पाडलं की त्यातला म्हातारा फाइल घेऊन महापौराच्या पडद्यावर येऊन बसला पाहिजे. दुसरं काही करू नये त्याने. नुसतं बसावं. खेळणारा रस्ता आखतोय, म्हातारा बसलाय. उड्डाणपूल झाला, म्हातारा बसलाय. त्याला दात दिले नाहीत तरी चालेल. वयानं गेलेच असणार.

तसं पाहिलं तर ज्याला हे खेळ महापौर म्हणतात तो महापौर नसतोच. विल राइटने १९८९ला पहिली ‘सिमसिटी’ काढली तेव्हापासून हीच लबाडी चालू आहे. महापौराला सभागृह नाही, नगरसेवक नाहीत, स्थायी समिती नाही, ‘आमच्या वॉर्डात आधी’ म्हणणारं कोणी नाही. स्वतःच ठराव मांडायचा, स्वतःच मंजूर करायचा, मुदत कधी संपत नाही आणि निवडणूक कधी लागत नाही. याला आपल्याकडे साधा सरळ शब्द आहे, प्रशासक. डिसेंबर २०२५मध्ये नगरपरिषदांचं मतदान होईपर्यंत महाराष्ट्रातल्या कित्येक गावांनी हा खेळ वर्षानुवर्षं पाहिला, तोही तिकीट न काढता.

बाकी किरकोळ मागण्या भराभर सांगून टाकतो. दुसऱ्या भागात पाण्याचा नळ, गटार आणि विजेची तार रस्त्यासोबतच जमिनीखाली येते. हे आधी काढा. सिमेंटचा रस्ता, मग खोदकाम, मग पाइप, मग पुन्हा खोदकाम, हा क्रम नसेल तर कंत्राटदारांनी जगायचं कसं? धानाची रोवणी लागली की निम्मे कामगार गावातून गायब झाले पाहिजेत, कारण चिखलातली मजुरी आधी आणि तुमचा उड्डाणपूल नंतर. खेळातलं जनावर शोभेला असतं, तेही बदला. जय नावाचा वाघ २०१३ला नागझिऱ्याहून निघाला आणि महामार्ग, शेतं, नदी ओलांडून उमरेड-कऱ्हांडल्याला पोचला. एप्रिल २०१६नंतर तो कोणाला दिसला नाही. खेळातलं हरीण झाडीच्या हिरव्या पट्ट्याबाहेर पाय ठेवत नाही. फिनलंडची हरणं शिस्तीची असतील, आमची नाहीत.

आणि मंडई द्या. ती दिल्याशिवाय मी हा खेळ विकत घेणार नाही. भाऊबीज झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. दिवसभर पाळणे, जिलेबी, बांगड्या, पाहुणे, सोयरीक जुळवणाऱ्या आत्या आणि मावश्या. रात्री दंडार नाहीतर नाटक. पाच हजारांच्या गावात पंधरा हजार माणसं, दोन चाकांवर चार-चार जण, आणि प्रत्येक घरी जेवणाच्या पंगती. स्कायलाइन्सची वाहतूक यंत्रणा एका चौकात चार ट्रक आले की हात टेकते. तिला मंडईच्या दिवशी लाखांदूर तालुक्यातल्या एखाद्या गावाचा एकच एक रस्ता द्यायचा. रात्री नाटकाचा तिसरा अंक दीडला सुरू होतो आणि पहाटे सगळे आपापल्या गावी पोचलेले असतात. सिग्नल नाही, पोलीस एखादा, तोही नाटक पाहतोय. हे गणित ताम्पेरेच्या कोणत्या अभियंत्याला सुटलं तर त्याला मानाचा नारळ आणि टोपी, माझ्याकडून.

एक धडा जुनाही घ्यावा. याच मुलखात कोहळी लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी उतार पाहून तलाव बांधले, वरचा भरला की पाणी खालच्या तलावाला, खालचा भरला की धानाच्या बांधीत. म्हणजे वरच्याचं वाहिलेलं पाणी खालच्याला उपयोगी पडे. मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, माजी मालगुजारी, म्हणजे मामा, तलाव म्हणून उरले, गाळाने भरले. हा नियम खेळात टाकला तर खेळणाऱ्यांना फार अवघड जाईल. राहू द्या.

आता या मागण्या पाठवायच्या कोणाकडे, हा घोळ आहे. कारण २०२५च्या नोव्हेंबरात जाहीर झालं की कोलॉसल ऑर्डर आणि प्रकाशक पॅराडॉक्स यांची फारकत झाली. २०२६पासून खेळाचं काम आइसफ्लेक नावाच्या दुसऱ्या स्टुडिओकडे. अर्धवट काम, वाढलेली मुदत, संतापलेले नागरिक आणि मध्येच बदललेला कंत्राटदार. म्हणजे एका बाबतीत तरी खेळ अगदी खरा झाला म्हणायचा.

तरी मी भाच्याला म्हटलं, लिही बाबा तुझ्या यादीत. पुढच्या भागात एकाच नदीवर दोन गावं द्या, दोघं जण खेळतील. एकाने वर नागपूर बांधायचं, दुसऱ्याने खाली भंडारा. वरच्याने जे सोडलं ते खालच्याने प्यायचं.

त्याने टाइप करता करता हात थांबवला. “नाही जमणार, मामाजी.”

“काहून?”

“सगळे नागपूरच घेतील ना जी. भंडारा घेऊन कोण खेळन?”

“अबे, कोणीतरी लागनच ना.”

त्याने विचार केला. “मंग भंडारा कॉम्प्युटर चालवन. त्यात कोणी बसून नसते, आपोआप चालते. तक्रार आली तर फक्त वर खूण दिसते.”

“अस्सं. म्हणजे प्रशासकच की!”